ताऱ्याच्या पोटातील शेवया

पाचोडच्या बाजारातले मोसंबीचे ढीग आपण सर्वांनी पाहिले आहेत. वरच्यांचा भार सोसूनही खालचे फळ गोलच राहते. पण भार वाढतच गेला, तर फळे फुटून लगदा होईल. न्यूट्रॉन ताऱ्यात अणुकेंद्रांची गतही काहीशी अशीच होते. मात्र लगदा होण्याआधी तेथे एक नवल घडते. तेच आम्ही येथे सांगणार आहोत.

मोठा तारा अखेरीस कोसळला म्हणजे त्याच्या गाभ्याचा न्यूट्रॉन तारा बनू शकतो. द्रव्य सूर्याहून अधिक, त्रिज्या मात्र दहाबारा किलोमीटर! अशा ताऱ्यांचे स्पंद पुणे जिल्ह्यातील खोडदची 30 तबकड्यांची रेडिओ दुर्बीण टिपते. त्याच्या कवचाच्या तळाशी एका घन सेंटिमीटरात सुमारे 10 कोटी टन द्रव्य असते. तेथे दोन बळांची ओढाताण चालते. अणुकेंद्रीय बल कणांना जवळ खेचते, पण त्याचा हात आखूड. प्रोटॉनांमधील विद्युत्-अपकर्षण दूरवर पोचते आणि त्यांना लोटते. कोणाचीच पुरती सरशी होत नाही. म्हणून घनता वाढेल तसे गोळे जुळून शेवया होतात, शेवया मिळून पोळ्यांची चवड होते, मग द्रव्यात नळ्यांसारख्या पोकळ्या उरतात आणि शेवटी नुसते बुडबुडे. रॅव्हनहॉल, पेथिक आणि विल्सन यांनी 1983 साली हे गणिताने मांडले. या द्रव्याला पुढे ‘न्यूक्लिअर पास्ता’ हे नाव पडले.

हे द्रव्य प्रयोगशाळेत आणता येत नाही. म्हणून संगणकात एक पेटी कल्पावयाची, तीत कण सोडावयाचे, प्रत्येकावर इतरांचे बल काढावयाचे, त्याला तिळभर सरकवावयाचे आणि पुन्हा तेच करावयाचे. समजा, कण 50,000 घेतले, तर त्यांच्या जोड्याच सुमारे 125 कोटी होतात! कॅप्लन, श्नायडर आणि हॉरोविट्झ यांनी 2018 साली असा पास्ता संगणकात ताणून पाहिला. त्याला प्रोसेसरचे सुमारे 20 लाख तास लागले. विश्वातील सर्वांत बळकट पदार्थ हाच असावा, असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

पण ‘असावा’ आणि ‘आहे’ यांत अंतर आहे. संगणक आपण दिलेल्या नियमांचाच हिशेब करतो. नियम चुकला, तर उत्तरही चुकते. साक्ष आकाशाची हवी. पास्ता खरोखर बळकट असेल, तर फिरत्या ताऱ्यावर बारीक उंचवटे टिकतील आणि त्यांतून अखंड गुरुत्वतरंग निघतील. असे अखंड तरंग अद्याप सापडलेले नाहीत. ते शोधणाऱ्या यंत्रांपैकी एक आपल्या मराठवाड्यातच, हिंगोली जिल्ह्यात, उभे राहावयाचे आहे. 4 किलोमीटरच्या दोन भुजांच्या या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पास केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली.

आमच्या मुलांनी ते यंत्र केवळ सहलीला जाऊन पाहू नये. हिशेब मांडणारे आणि साक्ष तपासणारे, दोघेही या मातीतून निघावेत. त्याची तयारी गावच्या शाळेतील गणिताच्या तासालाच सुरू होते.