उडी आठवते, दोर आठवत नाही

‘आम्हीही हे सगळं केलंय, आम्हाला कुठं काय झालं?’ हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येतं. मुलगा हेल्मेट न घालता गाडी बाहेर काढतो, भर पावसाळ्यात धबधब्याच्या धारेत उतरतो, लोकलच्या दारात बाहेर झुकून उभा राहतो. आई काळजीनं काही बोलू लागते आणि घरातलं एखादं वडीलधारं माणूस या एका वाक्यात विषय संपवतं. तरुणपणीच्या वेडेपणाकडे मागं वळून पाहण्याची आपली ही रूढ रीत आहे. तिच्यात माया आहे, गेलेल्या वयाबद्दलची ओढ आहे आणि ‘आम्हीही तुमच्यासारखेच होतो’ असं सांगून मुलांच्या जवळ जाण्याची इच्छाही आहे. म्हणून या आठवणींवर बंदी घाला, असं कुणी म्हणणार नाही. पण त्याच वाक्याचा पुरावा म्हणून वापर होतो, धोका फारसा नसतोच असा निष्कर्ष त्यातून काढला जातो, तेव्हा ते तपासायला हवं. तपासल्यावर लक्षात येतं की त्या आठवणीत तीन महत्त्वाच्या गोष्टी नसतात: जे वाचले नाहीत ते, ज्यांनी आपल्याला वाचवलं ते, आणि तेव्हापासून आजपर्यंत बदललेली परिस्थिती. या तीन गोष्टी गाळून सांगितलेला पराक्रम ऐकणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो.

पहिली गोष्ट न वाचलेल्यांची. सिसेरो या रोमन विचारवंतानं डायगोरस नावाच्या ग्रीक नास्तिकाची एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. समुद्रातल्या वादळातून सुखरूप परतलेल्यांनी देवळात नवस फेडताना लावलेली चित्रं त्याला कुणीतरी दाखवली आणि देवाच्या कृपेचा याहून मोठा पुरावा कोणता, असं विचारलं. त्यावर डायगोरसनं विचारलं, की जे बुडाले त्यांची चित्रं कुठं आहेत? माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात रंगणाऱ्या गप्पांनाही हाच प्रश्न लागू पडतो, कारण तिथं बोलायला फक्त वाचलेलेच येतात. एक साधा हिशेब करून पाहू. समजा, लोकलच्या दारात लटकून केलेल्या दर १० हजार फेऱ्यांमागं एकदा जीव जातो, असं धरलं. वर्षाचे ३०० दिवस, रोज जाऊन-येऊन दोन फेऱ्या, म्हणजे ६०० फेऱ्या झाल्या. अशा १०० मुलांपैकी साधारण ९४ वर्षअखेर धडधाकट असतील आणि पुढं आयुष्यभर ‘काही होत नाही’ असं सांगतील. उरलेल्या सहांची बाजू मांडायला कुणी नसेल. त्या ९४ जणांपैकी एकही खोटं बोलत नाही, तरी सगळ्यांचं मिळून निघणारं अनुमान चुकीचं ठरतं.

हे आकडे समजुतीपुरते झाले. खरे आकडे केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात सापडतात. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मरण पावली आणि त्यांतले सुमारे दोन तृतीयांश लोक १८ ते ४५ या वयातले होते. हेल्मेट न घातल्याची नोंद असलेल्या दुचाकीवरच्या मृतांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यांतले १४,३३७ जण मागं बसलेले होते. गाडी आपल्या हातात नसताना, मित्राच्या भरवशावर बसलेली ही माणसं. त्यांचे किस्से कुठल्याच मेळाव्यात सांगितले जात नाहीत.

यात स्मरणशक्तीचाही वाटा आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी विचारल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर काळापेक्षा जास्त येतात, हे मानसशास्त्रात अनेकदा दिसून आलं आहे. शिवाय प्रसंगाशी जोडलेली अप्रिय भावना ही सुखद भावनेपेक्षा लवकर ओसरते. माणसाला दुःख मागं टाकून जगता यावं, यासाठी ही सोय मोलाचीच आहे. पण तिच्यामुळंच, ज्या रात्री पाय लटपटले, घशाला कोरड पडली आणि घरी काय सांगायचं या विचारानं झोप लागली नाही, त्या रात्रीचा वीस वर्षांनी फक्त मजेदार किस्सा उरतो. भीती गळून जाते आणि पराक्रम शिल्लक राहतो.

दुसरी गाळली जाणारी गोष्ट म्हणजे संरक्षण. खेड्यात वाढलेल्या पिढीच्या बोलण्यात विहिरीतल्या उड्या हमखास येतात. थारोळ्यावरून मारलेले सूर, मुटके, तळाशी जाऊन आणलेली मूठभर माती. पण पोहायला शिकवण्याची ती पद्धत जरा जवळून पाहा. नवशिक्या पोराच्या पाठीला पांगाऱ्याचा बिंडा, सुकलेला भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधलेला असे. कमरेला दोर असे आणि त्या दोराचं दुसरं टोक काठावरच्या काकाच्या किंवा थोरल्या भावाच्या हातात. पाण्यात आधीच दोघं-तिघं पट्टीचे पोहणारे उतरलेले असत. कपार कुठं आहे, पाणी किती उतरलंय, पायरी कुठं निसटती आहे, हे त्यांना पाठ असे. पोरगं दमलं की दोर ओढला जाई आणि सरावलं की दोर सैल सुटे. इतक्या बंदोबस्तातही विहिरींनी बळी घेतलेच. पण जे शिकले, ते या बंदोबस्तामुळं शिकले. पुढं सांगताना मात्र उडी आठवते, दोर आठवत नाही. मग ती गोष्ट ऐकून शहरातलं पोरगं ओळखपाळख नसलेल्या धरणाच्या पाण्यात उडी घेतं. तिथं काठावर कुणी नसतं आणि तळाचा अंदाजही नसतो.

तिसरी गोष्ट परिस्थितीची, आणि ती सगळ्यात कमी बोलली जाते. मुंबईच्या लोकलच्या टपावर बसून प्रवास करणारे तरुण एके काळी सर्रास दिसत. तेव्हा वरच्या तारेत १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता. तोही जीवघेणाच, पण मुख्यतः स्पर्श झाला तर. पुढं टप्प्याटप्प्यानं मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला आणि २०१६ मध्ये हार्बर मार्गाबरोबर हा बदल पूर्ण झाला. इतक्या दाबाच्या तारेला हात लागायचीही गरज नसते. पुरेसं जवळ गेलेल्या शरीराकडे वीज हवेतून झेपावते. एकाच शहरात, एकाच टपावर, बापानं केलेला वेडेपणा आणि मुलानं केलेला वेडेपणा दिसायला सारखा, पण दोन्हींतला धोका वेगळा. रस्त्यावरही तेच झालं. सत्तरच्या दशकात पुण्याहून आलेली लुना ५० सीसीची होती. कान पिळून पिळला तरी ती फार पळत नसे. आजची २०० सीसीची मोटारसायकल ताशी १२० किलोमीटरचा वेग सहज गाठते. ताशी ४० वरून १२० म्हणजे वेग तिप्पट होतो, पण धडकेतली ऊर्जा नऊपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मोटार वाहन कायद्यात सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालवायची परवानगी आहे, पण तशा पेट्रोलच्या गाड्या बाजारातून जवळजवळ हद्दपार झाल्या आहेत. शिकाऊ वयाला झेपणारी गाडी गेली आणि तिची जागा न झेपणाऱ्या गाडीनं घेतली.

यावर कुणी म्हणेल, की आजची मुलं हुशार आहेत, त्यांना धोका समजावून सांगितला की पुरे. संशोधन या भाबड्या आशेच्या विरोधात आहे. अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठात मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी केलेला प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वयोगटांतल्या लोकांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला: सिग्नल पिवळा झाल्यावर थांबायचं की जास्त गुणांसाठी दामटायचं? एकट्यानं खेळताना तिन्ही गटांत फार फरक नव्हता. बरोबरीचे मित्र पाहत असताना मात्र १३ ते १६ वयाच्या मुलांनी जवळपास दुप्पट धोके पत्करले. १८ ते २२ वयातही वाढ दिसली. २४ च्या पुढच्यांवर मित्रांच्या हजेरीचा परिणाम जवळजवळ झाला नाही. म्हणजे मुलांना धोका कळत नाही, असं नाही. मित्रांपुढं त्याचं वजन कमी होतं आणि वाहवेचं वजन वाढतं. या प्रयोगाच्या कितीतरी आधी, १९८७ मध्येच, न्यूझीलंडनं टप्प्याटप्प्यानं वाहन परवाना देण्याची पद्धत आणली. तिथं मधल्या टप्प्यावर रात्री उशिरा आणि बरोबर कुणी बसलेलं असताना एकट्याच्या जबाबदारीवर गाडी चालवता येत नाही. आपल्याकडे २०१७ च्या नाताळात मुंबईत सुरू झालेल्या वातानुकूलित लोकलची दारं आपोआप बंद होतात. त्या दारात लटकू नका, हे कुणाला सांगावं लागत नाही. उपदेशापेक्षा अशी रचना जास्त जीव वाचवते.

इथं एक गंभीर आक्षेप उभा राहतो आणि तो नीट ऐकायला हवा. धोका पत्करल्याशिवाय तारुण्य घडत नाही. सगळे काठ बोथट करून टाकले, तर धाडस, स्वतःचा निर्णय आणि पडून उठण्याची ताकद येणार कुठून? हे खरंच आहे. म्हणूनच धोका संपवायचा की सांभाळायचा, यातला फरक महत्त्वाचा ठरतो. दहीहंडीचं उदाहरण त्यासाठी बोलकं आहे. बक्षिसांच्या रकमा फुगल्या तशी उंचीची चढाओढ लागली. २०१२ मध्ये ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकानं नऊ थर लावून ४३ फुटांहून उंच मनोरा उभारला आणि जागतिक विक्रम केला. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं १८ वर्षांखालच्या गोविंदांना मनाई केली आणि उंचीला २० फुटांची मर्यादा घातली. पुढं २०१७ मध्ये, १४ वर्षांखालच्या मुलांना चढवणार नाही अशी हमी राज्य सरकारनं दिल्यावर, उंचीची मर्यादा उठली. या निर्णयांवर मतभेद राहतीलच. पण चांगली पथकं काय करतात ते पाहा. सराव कितीतरी आठवडे आधी सुरू होतो, तळाच्या थराला मुरलेली माणसं असतात, वरच्या एक्क्याला सुरक्षा दोर लावला जातो, खाली गाद्या अंथरल्या जातात, विमा उतरवला जातो. एवढं करूनही गोविंदा पडतात, जखमी होतात आणि काहींचा जीवही जातो. पण तिथं धोक्याची जबाबदारी घेणारी माणसं असतात. तरुणांना ती हवी आहेत. सह्याद्रीतल्या जबाबदार गिर्यारोहण संस्थाही हेच करतात. मुलाला कड्यापासून दूर ठेवत नाहीत, आधी गाठी बांधायला शिकवतात.

दुसरा आक्षेप आई-वडिलांच्या मनातला आहे. आपलेच जुने उद्योग मुलांना सांगितले, तर ती त्यांना परवानगी वाटणार नाही का? अर्धवट सांगितले तर नक्की वाटेल. आणि लपवले तर मुलांना ते मामाकडून किंवा आत्याकडून कळतात, तेव्हा आपल्या पुढच्या शब्दालाही वजन राहत नाही. त्यापेक्षा सगळं सांगावं: किती भीती वाटली, कुणी हात दिला, कुणाला तो मिळाला नाही आणि त्या घराचं पुढं काय झालं. असं सांगणारा माणूस मुलांच्या नजरेतून उतरत नाही, उलट अडचणीच्या रात्री ती त्यालाच फोन करतात.

मागं वळून पाहताना आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. तरुणपणीचा वेडेपणा हसण्यावारी नेण्याची सवलत सगळ्यांना सारखी मिळत नाही. ज्याचे वडील वेळेवर वकील उभा करू शकतात, त्याची चूक किस्सा होते. वस्तीतल्या मुलाच्या तेवढ्याच चुकीचा गुन्हा होतो आणि नोकरीच्या वेळी तो आडवा येतो. मुलाचं रात्री भटकणं कौतुकाचा विषय असतं आणि मुलीच्या एका चुकीची आठवण सोयरीक जुळवताना काढली जाते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं नव्याने सुरुवात करण्याचं तत्त्व स्वीकारलं आहे आणि काही गंभीर अपवाद सोडले, तर अल्पवयीनांच्या नोंदी पुढं नष्ट करण्याची तरतूद केली आहे. समाजानं निदान कायद्याइतकं तरी उदार व्हावं. अर्थात ज्या वेडेपणात दुसऱ्याचा जीव जातो, तो केवळ वयाचा दोष म्हणून सोडून देता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. किल्ली हातात देणाऱ्याचीही जबाबदारी असते, हे कायद्यानं त्यातून सांगितलं आहे.

म्हणून पन्नाशीच्या माणसानं आपल्या विशीकडे पाहून हसावं, जरूर हसावं. पण आपण वाचलो त्यात अक्कल किती होती, नशीब किती आणि दुसऱ्यांचे कष्ट किती, याचा हिशेब मांडूनच पुढच्या पिढीशी बोलावं. त्या हिशेबात दुसऱ्यांच्या कष्टांचा रकाना बहुतेकांच्या बाबतीत मोठा निघेल. आज तेच कष्ट घेण्याची पाळी आपली आहे. शिकवायला वेळ काढणं, शिकाऊ वयाला झेपेल असंच वाहन देणं, सुरक्षित दारं आणि रस्ते मागत राहणं, आणि चुकलेल्या मुलाला किंवा मुलीला परत उभं राहायला जागा देणं, हे आपण करू शकतो. आपल्याला मिळालेलं सुदैव इतरांनाही मिळेल असं गृहीत धरणं बेजबाबदारपणाचं आहे. त्यांना सुदैवाची गरजच कमी पडावी, एवढी तजवीज करून ठेवणं हे मोठ्यांचं काम आहे.