भीती शार्कची, धोका बोटीचा

गोंदियाहून समुद्र कुठल्याच बाजूने जवळ नाही. दुपारी विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसावं, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत तो दिसायचा. तरी नागझिऱ्यात वाघ आणि धानाच्या बांध्यांमध्ये सारस टिपून हात बसलेल्या छायाचित्रकाराला कधीतरी पाण्याखालची ओढ लागतेच. मग लाइव्हअबोर्ड हा शब्द कानावर पडतो. म्हणजे आठ-दहा दिवस बोटीवरच राहायचं, तिथेच जेवायचं-झोपायचं आणि दिवसातून तीन-चार वेळा पाण्यात उतरायचं. किनाऱ्यावरून रोज ये-जा करता येणार नाही, अशा दूरच्या बेटांसाठी ही सोय. कोस्टारिकाचं कोकोस बेट किनाऱ्यापासून सुमारे 550 किलोमीटरवर आहे आणि तिथे पोचायला बोटीला दीड दिवस लागतो. तिथे लोक जातात ते शार्कसाठी, म्हणजे कोकणात जिला मुशी किंवा मोरी म्हणतात तिच्यासाठी.

अशा सहलीचा विषय घरात निघाला की शंका सुरू होतात. त्यातल्या बहुतेक सिनेमातून आलेल्या असतात. खऱ्या शंका मात्र कुणी काढत नाही.

गैरसमज : शार्क माणसाच्या शोधातच असतो.

शार्कच्या पाचशेहून अधिक जाती आहेत आणि माणसाला गंभीर इजा केल्याच्या नोंदी त्यातल्या मोजक्याच जातींच्या नावावर आहेत. फ्लोरिडा विद्यापीठात जगभरच्या शार्कहल्ल्यांची नोंदवही ठेवली जाते. माणसाने न डिवचता शार्क चावल्याच्या 2024 सालच्या घटना तीत 47 आहेत आणि मृत्यू 4. हा आकडा साऱ्या जगाचा. त्यातही चावे बहुतेक लाटांवर खेळणाऱ्यांना आणि पोहणाऱ्यांना बसतात, टाकी बांधून खाली गेलेल्यांना क्वचित. आता आपल्याकडचं पाहा. सर्पदंशाने भारतात वर्षाला सरासरी 58 हजार माणसं जातात, असा 2000 ते 2019 या काळाचा अंदाज आहे. रोवणीच्या दिवसांत चिखलात अनवाणी उतरणारी बाई शार्कच्या फोटोग्राफरपेक्षा कितीतरी मोठी जोखीम घेते आणि तिचं धाडस कुणी फेसबुकवर टाकत नाही.

म्हणून शार्क गरीब गाय आहे, असंही नाही. कोकोसलाच 2017 च्या नोव्हेंबरात टायगर शार्कच्या हल्ल्यात एक पर्यटक महिला दगावली. हे सांगायचं टाळणारा सहल-आयोजक विश्वासाचा नव्हे.

गैरसमज : शार्क खाऱ्या पाण्यातच असतो.

फेब्रुवारी 2024 मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणा नदीत उतरलेल्या एका तरुणाचा पाय शार्कने तोडला. समुद्रापासून बरंच आत, नदीत. बुल शार्क ही जात शरीरातल्या क्षारांचा तोल सांभाळून गोड्या पाण्यातही राहू शकते. मग आपल्या वैनगंगेचं काय? तिचं पाणी प्राणहितेतून गोदावरीत आणि तिथून बंगालच्या उपसागरात जातं हे खरं. पण वाटेत गोसेखुर्द, मेडिगड्डा आणि पार खाली दवलेश्वरम अशी बांधांची रांग उभी आहे. आमच्या ढिवर बांधवांनी जाळं टाकताना निश्चिंत असावं.

गैरसमज : रक्ताचा थेंब पडला की मैलभरावरून शार्क धावत येतो.

शार्कचं नाक तीक्ष्ण आहे, पण वास पाण्याबरोबर वाहत येतो आणि वाहतावाहता विरळ होतो. प्रवाहाच्या उलट बाजूला असलेल्या शार्कला तो कळणारही नाही. अगदी जवळ आल्यावर त्याच्या कामाला येतात ती थुतनीवरची बारीक छिद्रं. भक्ष्याच्या स्नायूंतून निघणारी क्षीण विद्युतलहर ती टिपतात. मासिक पाळीत पाण्यात उतरू नये, हा सल्ला बायकांना बोटीवरही दबक्या आवाजात दिला जातो. त्या काळात हल्ले वाढतात असं दाखवणारा पुरावा नाही. शिवाशिवीच्या जुन्या यादीत आणखी एक भर, एवढीच त्या सल्ल्याची किंमत.

गैरसमज : पाठीवर ऑक्सिजनचा सिलिंडर असतो.

वर्तमानपत्रंही बिनदिक्कत असंच छापतात. टाकीत असते ती साधी हवा, गाळून आणि दाबून भरलेली. तिच्यात ऑक्सिजन 21 टक्केच. निव्वळ ऑक्सिजन घेऊन कुणी सहा मीटरच्या खाली गेलं, तर तोच ऑक्सिजन विष ठरतो आणि झटके येऊ शकतात. लाइव्हअबोर्डवर नायट्रॉक्स नावाचं मिश्रण बरेचजण घेतात, त्यात ऑक्सिजन बहुधा 32 टक्के असतो. ते घेतलं की जास्त खोल जाता येतं, हा पोटगैरसमज. उलट त्याची मर्यादा साधारण 33 मीटरवर संपते. फायदा असा की शरीरात नायट्रोजन कमी मुरतो आणि त्याच खोलीवर थोडं जास्त वेळ राहता येतं.

सगळी गोम या नायट्रोजनमध्ये आहे. दाबाखाली तो रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. घाईने वर आलं तर सोड्याची बाटली फोडावी तसे आतल्या आत बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, क्वचित लकवाही होतो. यालाच डाइव्हर बेंड्स म्हणतात. रोज तीन-चार बुड्या, असं आठवडाभर चाललं की शरीरातला नायट्रोजन साचत जातो. म्हणून शेवटच्या बुडीनंतर किमान 18 तास विमानात बसू नये, असा दंडक आहे. आपल्याकडच्या माणसाला नेमकी परतीची घाई. सुटी संपलेली, पुढे नागपूरची गाडी पकडायची, म्हणून संध्याकाळची बुडी आणि सकाळचं विमान असा बेत तो आखतो. हा बेत शार्कपेक्षा वाईट.

गैरसमज : नागझिऱ्यातली मोठी लेन्स इथेही चालेल.

इथे जंगलातलं शिक्षण जवळजवळ उलटं करावं लागतं. चोरखमारा गेटमधून आत शिरताना जिप्सीत 600 मिलिमीटरची लेन्स मांडीवर असते. पाण्याखाली ती घरी ठेवायच्या लायकीची. पाणी कितीही नितळ असो, त्यात कण तरंगतातच आणि कॅमेरा व शार्क यांच्यामध्ये जितकं पाणी जास्त तितका फोटो धुरकट. म्हणून रुंद कोनाची लेन्स लावायची आणि जवळ जायचं. खरं तर शार्क जवळ येईपर्यंत थांबायचं, कारण पाठलाग केला की तो निघून जातो.

दुसरी गोष्ट रंगांची. पाणी आधी लाल रंग गिळतं. पाच-सहा मीटरवरच लाल मलूल होतो आणि वीस मीटरवर सगळं निळं-राखाडी दिसतं. फ्लॅश लागतो तो त्यासाठी, पण तो कॅमेऱ्याच्या तोंडाशी नको. बाजूला लांब दांड्यांवर हवा. नाहीतर तरंगते कण उजळून फोटोत बर्फ पडल्यासारखा दिसतो. तिसरी गोष्ट श्वासाची. हॅमरहेड शार्कचा थवा बुडबुड्यांना बिचकतो. श्वास रोखून धरायचा नाही, तो तर पाण्याखालचा पहिलाच नियम, कारण वर येताना फुप्फुस फाटू शकतं. खडकाला टेकून शांत, संथ श्वास घेत राहायचं. सारसाच्या घरट्यापासून लांब दबा धरून बसायची सवय ज्याला आहे, त्याला हे चटकन जमेल. घरट्यापाशी ड्रोन नेणाऱ्याला जमणार नाही.

गैरसमज : मालवणला स्कूबा केलं, आता कुठेही जाता येईल.

मालवणला प्रशिक्षक पाठीमागून धरून जी बुडी घडवतो, ती केवळ चव. परवाना वेगळा. पहिल्या पायरीचा परवाना 18 मीटरपर्यंतचा, दुसऱ्या पायरीचा 30 मीटरपर्यंतचा. दूरच्या बेटांवर प्रवाह जोरदार असतात, म्हणून तिथल्या बोटी दुसरा परवाना आणि बऱ्याच बुड्यांचा अनुभव मागतात. हे शिकायला परदेशी जायची गरज नाही. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. तलावात पोहणारा गोंदियाचा पोरगाही तिथे तयार होऊ शकतो.

गैरसमज : टायगर शार्कचा जवळून फोटो म्हणजे निसर्गाचा फोटो.

नेहमीच नाही. मालदीवमध्ये शार्कच्या मासेमारीवर 2010 पासून बंदी आहे आणि तिथलं फुवाहमुला बेट टायगर शार्कसाठी प्रसिद्ध झालंय. पण हे शार्क बंदराशी रेंगाळतात ते तिथे टाकल्या जाणाऱ्या मासळीच्या अवशेषांमुळे. नागझिऱ्यात वाघापुढे बोकड बांधून काढलेला फोटो आपण स्पर्धेत चालू देणार नाही. मग समुद्रातल्या फोटोखाली आमिषाचा उल्लेख का नसावा?

गैरसमज : आपल्या समुद्रात शार्क कुठले?

आहेत, आणि ते ताटातही आहेत. मोरीचं मटण सिंधुदुर्गात आवडीने खाल्लं जातं. शार्क पकडणाऱ्या देशांत भारत वरच्या रांगेत आहे. व्हेल शार्कला 2001 पासून वाघाइतकंच संरक्षण मिळालं आणि शार्कच्या परांच्या निर्यातीवर 2015 मध्ये बंदी आली, तरी बहुतेक जाती आजही कायदेशीरपणे पकडल्या जातात. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं पाण्याखालचं पठार आहे, आंग्रिया बँक. त्याचा सर्वांत उथळ भागही वीसेक मीटर खाली. डोकं वर काढणारी जमीनच नाही, तेव्हा राहायचं तर बोटीवरच. 2019 च्या अखेरीस शास्त्रज्ञांनी तशी मोहीम केली आणि तिथली प्रवाळं व मासे नोंदवले. महाराष्ट्राच्या दाराशी असं काही आहे, हे शाळेच्या भूगोलात मुलांना कुणी सांगत नाही.

गैरसमज : पाण्याबाहेर आलं की सुटलो.

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हा. 2 सप्टेंबर 2019 च्या पहाटे कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटाजवळ कन्सेप्शन या डाइव्ह-बोटीला आग लागली. खालच्या डेकवर झोपलेले 34 जण गेले. रात्री फिरता पहारा ठेवणं बंधनकारक होतं, तो ठेवलेला नव्हता. कॅप्टन पुढे दोषी ठरला. नोव्हेंबर 2024 मध्ये तांबड्या समुद्रात सी स्टोरी ही बोट पहाटे बुडाली, तेव्हाही कित्येक प्रवासी आपापल्या खोल्यांत होते. या दोन्ही घटनांशी शार्कचा संबंध नव्हता.

म्हणून पैसे भरण्याआधी आयोजकाला लेखी विचारा : रात्री पहारा कोण देतं, झोपायच्या जागेतून बाहेर पडायची दुसरी वाट कुठे उघडते, कॅमेऱ्याच्या लिथियम बॅटऱ्या कुठे चार्ज होतात, बेंड्सवर उपचार करणारा सगळ्यांत जवळचा दाबकक्ष किती तासांवर आहे, आणि तिथवर नेण्याचा खर्च विम्यात धरलाय का. उत्तरं टाळली, तर दुसरी बोट शोधा.