अस्थिर खांद्याची दुरुस्ती आणि टाक्याची निवड

खांद्याइतका चल सांधा मानवी शरीरात दुसरा नाही. आणि खांद्याइतका वारंवार निखळणारा मोठा सांधाही दुसरा नाही. दंडाच्या हाडाचे मोठे गोल डोके अंसफलकाच्या लहान व उथळ खाचेवर टेकलेले असते. खाचेच्या काठाभोवती असलेली तंतुमय कडा तिची खोली वाढविते, आणि सांध्याचे बंधही याच कडेला जोडलेले असतात. सांधा पुढच्या बाजूस निखळला असता ही कडा बहुधा समोरून व खालून सुटते. इंग्रज शल्यविशारद ब्लंडेल बँकार्ट यांनी १९२३ मध्ये या इजेचे महत्त्व प्रतिपादिले. सुटलेली कडा पुन्हा हाडास जोडण्याची शस्त्रक्रिया त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आज ही जोडणी पुष्कळदा दुर्बिणीतून केली जाते. खाचेच्या काठावर अँकर नावाच्या बारीक खुंट्या रोवून त्यांतील दोरा कडेतून व संधिकोशातून ओवतात. साध्या टाक्यात दोऱ्याचे एकच टोक ऊतीतून जाते. हा टाका सुलभ असून कडेस हाडाशी दाबून धरतो. मात्र गाठ सांध्याच्या बाजूस सरकल्यास कूर्चा घासली जाण्याचा संभव असतो. आडव्या गादी-टाक्यात दोन्ही टोके ऊतीतून ओवली जातात. त्यामुळे गाठ कूर्चेपासून दूर राहते व कडेचा उंचवटा राखण्यास साहाय्य होते. परंतु ओवण्याचे काम दुप्पट होते. बिनगाठीच्या अँकरमुळे गाठीचा प्रश्न मिटतो. तथापि काही प्रकारांत खुंटी एकदा बसली की दोऱ्याचा ताण बदलता येत नाही. टाका कोणताही असो, सैल पडलेली ऊती खालून वर ओढून घेणे अगत्याचे असते.

यांपैकी कोणताही एक टाका सर्व रुग्णांत श्रेष्ठ ठरलेला नाही. त्याहून निर्णायक प्रश्न हाडाचा आहे. बर्कहार्ट व डी बीर यांनी २००० साली दुर्बिणीतून केलेल्या १९४ दुरुस्त्यांचा आढावा प्रसिद्ध केला. हाडाची मोठी झीज नसलेल्या १७३ रुग्णांपैकी ७ जणांत अस्थिरता पुन्हा उद्भवली. अशी झीज असलेल्या २१ जणांपैकी मात्र १४ जणांत. दुसऱ्या गटातील अपयशाचे कारण केवळ टाक्यात शोधणे व्यर्थ होय. अशा रुग्णांत लातार्जे यांनी १९५४ मध्ये वर्णिलेल्या पद्धतीप्रमाणे हाडाचा तुकडा खाचेच्या काठावर बसविण्याचा विचार करावा लागतो.

तात्पर्य, आधी हाड, मग ऊती आणि शेवटी टाका, हाच निवडीचा क्रम होय. हा क्रम उलटला, तर उत्तम टाकाही रुग्णाच्या उपयोगी पडत नाही.