ओझ्याखालची ताठ नजर

मजुराचे छायाचित्र म्हटले की घाम, सुरकुत्या आणि करुणा हे ठरलेलेच. जर्मन छायाचित्रकार ऑगस्ट झांडर यांनी १९२८ मध्ये टिपलेला विटा वाहणारा तरुण हा साचा मोडतो. खांद्यांवरच्या फळीवर रचलेल्या विटा डोक्यामागे आडव्या पसरतात, पार्श्वभूमी काळोखी आहे. त्यामुळे आपले लक्ष चेहऱ्यावरच खिळते. ओझेच चौकट बनते आणि कॅमेऱ्यावर रोखलेले डोळे दयेला जागा ठेवत नाहीत.

कोणी म्हणेल, ही तर ठरवून घेतलेली पोझ. यात कष्ट कुठे आहेत? कष्टांची साक्ष विटांचा भार देतोच. शिवाय नकळत टिपलेला मजूर नुसता पाहिला जातो. हा मात्र उलट आपल्याकडे पाहतो. म्हणून अशा चित्राचा भाव जोखताना विचारावे: ते कीव करायला लावते, की नजरेला नजर भिडवायला?