पंट
पंट : अमेरिकन फुटबॉलमधील चेंडू टोलविण्याचा एक प्रकार. हातातून सोडलेला चेंडू जमिनीस टेकण्यापूर्वीच पायाने उंच व दूर टोलविणे, असे त्याचे स्वरूप असते. हा टोला मूळचा रग्बीतील असून तेथून तो अमेरिकन फुटबॉलमध्ये आला.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाई करणाऱ्या संघास १० यार्ड (सु. ९·१४ मी.) पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. तेवढे अंतर न कापल्यास चेंडू त्याच जागी प्रतिपक्षाकडे जातो. म्हणून तीन संधींनंतरही बरेच अंतर उरले असल्यास संघ चौथ्या संधीस पंट मारून चेंडू आपण होऊन देतो. त्यामुळे प्रतिपक्षास आपली चढाई सु. ४० यार्ड मागून सुरू करावी लागते. चेंडू देऊन मैदान मिळविणे, हे पंटचे मर्म होय.

पंट मारणारा खेळाडू (पंटर) चढाईच्या रेषेमागे सु. १५ यार्डांवर उभा राहतो व मध्यवर्ती खेळाडूने पायांमधून मागे फेकलेला चेंडू झेलून टोलवितो. चेंडू नुसता दूर जाऊन भागत नाही. तो ४ ते ५ सेकंद हवेत राहिला, तरच सहकाऱ्यांना धावत जाऊन झेल घेणाऱ्यास गाठता येते. चेंडू गोलरेषेपलीकडे जाऊन मृत झाल्यास प्रतिपक्षास तो २० यार्डांच्या रेषेवर मिळतो. त्यामुळे तो गोलरेषेच्या अलीकडेच थांबविण्यात पंटरचे कौशल्य असते.

झेललेला चेंडू घेऊन केलेल्या उलट धावेस ‘पंट रिटर्न’ म्हणतात. नजर आकाशाकडे असलेल्या खेळाडूवर प्रतिस्पर्धी वेगाने आदळण्याचा धोका असतो. म्हणून त्याने हात डोक्यावर उंचावून हलविल्यास (‘फेअर कॅच’) त्याच्या झेलात अडथळा आणता येत नाही. मात्र त्यालाही चेंडू पुढे नेता येत नाही. झेल सुटल्यास पंट मारणारा संघ चेंडू ताब्यात घेऊ शकतो.

स्टीव्ह ओनील याने १९६९ मध्ये ९८ यार्डांचा पंट मारला. रे गाय हा पंटर २०१४ मध्ये, तर पंट रिटर्नवर १४ टचडाउन करणारा डेव्हिन हेस्टर २०२४ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये निवडला गेला.

अनेक प्रसंगी पंटऐवजी चौथी संधी खेळणे हिताचे असूनही संघ सावध मार्ग पत्करतात, असे डेव्हिड रोमर या अर्थशास्त्रज्ञाने २००६ मध्ये दाखविले. पुढील काळात संख्याशास्त्रीय विश्लेषणाचा प्रभाव वाढून चौथी संधी खेळण्याकडे संघांचा कल वाढला. तथापि आपल्या गोलरेषेजवळ अडकलेल्या संघास पंटचाच आधार असतो.

२०१२ मध्ये झालेल्या एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया या अमेरिकन फुटबॉलच्या स्पर्धेत पुणे मराठाज व मुंबई ग्लॅडिएटर्स हे संघ होते. पंटचे मूळ असलेल्या रग्बीचे मुंबईतील जुने केंद्र म्हणजे बॉम्बे जिमखाना (स्थापना १८७५) होय. २०२५ मध्ये रग्बी प्रीमियर लीग ही सात खेळाडूंच्या संघांची स्पर्धा मुंबई उपनगरातील अंधेरी येथे झाली.