बेलोरा ते शिवणी : डोळ्यांच्या भरवशावरचे उड्डाण

विमान वाहतुकीसाठी आकाशाचे सात वर्ग मानले जातात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, त्यांना ए पासून जी पर्यंतची अक्षरे दिली आहेत. वर्ग ठरतो तो एकाच प्रश्नावर : या भागात दोन विमाने एकमेकांपासून दूर ठेवण्याची जबाबदारी कोणाची? ए वर्गात ती पूर्णपणे जमिनीवरच्या नियंत्रकाची असते, आणि तिथे फक्त उपकरणांच्या आधारे उडणाऱ्या विमानांनाच प्रवेश मिळतो. अक्षर जसजसे पुढे सरकते तसतसा नियंत्रकाचा वाटा कमी होतो आणि वैमानिकाचा वाढतो. जी वर्गात नियंत्रक माहिती देऊ शकतो, हुकूम देत नाही. तिथे टक्कर टाळण्याचे काम कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर येऊन पडते.

वऱ्हाडात हा विषय आता केवळ पुस्तकातला राहिलेला नाही. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावर १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून अलायन्स एअरचे एटीआर विमान उतरले आणि नियमित प्रवासी सेवेची सुरुवात झाली. त्याआधी, २०२४ मध्ये, एअर इंडियाने याच ठिकाणी वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याचे जाहीर केले होते. वर्षाला १८० वैमानिक घडवण्याची योजना, त्यासाठी एका इंजिनाची ३१ पायपर आणि दोन इंजिनांची ३ डायमंड विमाने, असा तिचा आराखडा. एकाच धावपट्टीवर सत्तर आसनांच्या आसपासचे प्रवासी विमान आणि नुकतेच एकट्याने उडू लागलेला विद्यार्थी एकत्र आले, की आकाशाच्या वर्गांचा अर्थ फार लवकर कळतो.

भारतात शिकाऊ वैमानिकाची गाठ मुख्यतः डी, ई, एफ आणि जी या चार वर्गांशी पडते. नागपूरसारख्या मोठ्या विमानतळाभोवतीचा नियंत्रित पट्टा डी वर्गात मोडतो. तिथे शिरण्याआधी रेडिओवरून टॉवरशी बोलणे आणि क्लिअरन्स मिळवणे सक्तीचे असते. मात्र डी वर्गातही नियंत्रक ठरावीक अंतर राखून देतो ते फक्त उपकरणांवर उडणाऱ्या दोन विमानांमध्ये. डोळ्यांनी पाहून उडणाऱ्याला तो इतर विमानांची माहिती देतो. पाहण्याचे आणि टाळण्याचे काम विद्यार्थ्याचेच. क्लिअरन्स मिळाले म्हणजे आता टॉवर सांभाळून घेईल, हा समज शिकाऊ वैमानिकांत बराच आढळतो आणि तो धोक्याचा आहे. ई वर्ग हा टॉवरच्या पट्ट्याबाहेरच्या, नियंत्रण सेवा असलेल्या हवाई मार्गांचा, तर एफ वर्ग केवळ सल्ला मिळणाऱ्या मार्गांचा. उरलेले सगळे आकाश जी वर्गात येते.

डोळ्यांनी पाहून उडण्याच्या या पद्धतीला व्हिज्युअल फ्लाइट रूल्स, थोडक्यात व्हीएफआर, म्हणतात. तिचा पाया दोन आकड्यांवर आहे : किती दूरचे दिसले पाहिजे आणि ढगापासून किती लांब राहिले पाहिजे. समुद्रसपाटीपासून १०,००० फुटांच्या खाली किमान ५ किलोमीटर दृश्यमानता लागते, त्याच्या वर ८ किलोमीटर. ढगापासून आडवे १,५०० मीटर आणि उभे ३०० मीटर, म्हणजे १,००० फूट, अंतर राखावे लागते. एफ आणि जी वर्गांत अगदी खालच्या थरात एवढी सवलत मिळते की ढगाबाहेर राहिले आणि जमीन दिसत असली तरी पुरते.

हे आकडे कुठून आले, ते साध्या गणिताने कळते. ११० नॉटने, म्हणजे ताशी ११० सागरी मैलांच्या वेगाने, उडणारी दोन प्रशिक्षण विमाने समोरासमोर आली तर त्यांच्यातले अंतर दर सेकंदाला सुमारे ११३ मीटरने कमी होते. पाच किलोमीटरवर एकमेकांना दिसली तर हाताशी ४४ सेकंद असतात. समोरून येणारे विमान २५० नॉटने येत असेल, तर २७ सेकंद. १०,००० फुटांखाली व्हीएफआर विमानाला २५० नॉटची वेगमर्यादा आहे ती याच हिशेबापायी. आणि या सेकंदांतले सगळे काही वळण्यासाठी मिळत नाहीत. समोरचे विमान ठिपक्याएवढे असते आणि टक्करीच्या मार्गावर असलेला ठिपका काचेवर जागचा हलत नाही, म्हणून तो नजरेत भरतही नाही. प्रशिक्षक विद्यार्थ्याला आकाश पट्ट्यापट्ट्याने न्याहाळायला लावतात, नजर एका जागी खिळू देत नाहीत. ढगापासूनच्या अंतराचे कारणही असेच. ढगाच्या आतून उपकरणांवर उडणारे विमान कोणत्याही क्षणी बाहेर येऊ शकते, आणि ते आल्यावर दोघांनाही एकमेकांना पाहायला वेळ हवा.

दिसल्यानंतर काय करायचे, तेही ठरलेले आहे. समोरासमोर आल्यास दोघांनीही उजवीकडे वळायचे. वाटा एकमेकींना छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे विमान आहे त्याने वाट द्यायची. पुढच्याला ओलांडायचे ते त्याच्या उजव्या बाजूने.

आता बेलोऱ्याहून अकोल्याच्या शिवणी विमानतळाकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रवास पाहावा. हवाई अंतर सुमारे सत्तर किलोमीटर, छोट्या विमानाने वीस-बावीस मिनिटांचे. दिशा पश्चिमेची, किंचित दक्षिणेकडे कललेली. जमिनीपासून ३,००० फुटांच्या वर सरळ उडायचे तर उंची मनाला येईल ती घेता येत नाही. चुंबकीय मार्ग ० ते १७९ अंशांत, म्हणजे पूर्वेकडचा असेल तर विषम हजारात ५०० फूट मिळवायचे. १८० ते ३५९ अंशांत सम हजारात. म्हणून अकोल्याकडे जाणारा ४,५०० फुटांवर असतो आणि नागपूरकडे जाणारा ५,५०० वर. समोरून येणाऱ्या दोघांत हजार फुटांचे अंतर नियमानेच पडते, कोणी रेडिओवर बोलो न बोलो.

खाली खुणा भरपूर आहेत. सुरुवातीला बडनेऱ्याहून निघालेला मुंबई–हावडा लोहमार्ग उजव्या हाताला असतो, पुढे तो विमानाची वाट ओलांडून डावीकडे जातो. साधारण अर्ध्या वाटेवर डावीकडे मूर्तिजापूर येते. कापूस, तूर, सोयाबीनच्या सपाट शिवारात वरून बरीच गावे सारखी दिसतात, पण मूर्तिजापूर ओळखायला एक पक्की खूण आहे : मुख्य मार्गाला तिथे शकुंतला रेल्वेच्या दोन अरुंद वाटा मिळतात, एक उत्तरेकडे अचलपूरची, दुसरी आग्नेयेकडे यवतमाळची. इथे घड्याळ पाहायचे. नकाशावर आखलेली वेळ आणि प्रत्यक्षाची वेळ यांत दोन मिनिटांचा फरक पडला, तर वारा अंदाजापेक्षा वेगळा आहे आणि शिवणीला पोहोचण्याची वेळ बदलून सांगावी लागेल. शिवणीची धावपट्टी अकोला शहराच्या पूर्वेला आहे. ती न दिसता पारसच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या जवळ येऊ लागल्या, तर विमान अकोला मागे टाकून गेले आहे.

उत्तरेकडे गोष्ट बदलते. सातपुड्याच्या मेळघाटातले चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर, म्हणजे जवळजवळ ३,६७० फुटांवर आहे. विमानातील उंचीमापक योग्य दाब लावल्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो, पायाखालच्या जमिनीपासूनची नव्हे. ३,५०० फूट हा आकडा मूर्तिजापूरवर निर्धास्त आहे आणि मेळघाटच्या कड्यासमोर जीवघेणा. व्हीएफआर विमानाने मोकळ्या प्रदेशात जमिनीपासून किमान ५०० फूट वर राहायचे असते, आणि दाट वस्तीवर ६०० मीटरच्या परिघातल्या सर्वांत उंच अडथळ्याच्याही १,००० फूट वर. डोंगरात ५०० फूट कायद्याला पुरतात. सातपुड्याच्या वाऱ्यात शहाणा प्रशिक्षक तेवढ्यावर समाधान मानत नाही.

वऱ्हाडचे हवामान या नियमांची वर्षभर परीक्षा घेते. जुलै-ऑगस्टमध्ये ढग इतके खाली येतात की उड्डाणे दिवस दिवस थांबतात. नियंत्रित पट्ट्यातल्या विमानतळावर ढगांचे छत १,५०० फुटांपेक्षा खाली किंवा दृश्यमानता ५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर खास परवानगीशिवाय व्हीएफआर विमानाला उतरता किंवा उडता येत नाही. हिवाळ्यातल्या पहाटे धुके असते. उन्हाळ्याचा त्रास वेगळा. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला की हवा विरळ होते आणि समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास असलेल्या या पठारावर पंखांना जणू पाच हजार फुटांवरची हवा मिळते. धावपट्टी जास्त लागते, चढण मंदावते. एका इंजिनाच्या पायपर आर्चर डीएक्सचे टर्बो डिझेल इंजिन जेट इंधनावर चालते आणि विरळ हवेत तग धरते, पण पंखाला मिळणारी हवा त्यानेही दाट होत नाही. शिवाय दुपारच्या धुळीत क्षितिज पुसट होते. म्हणून उन्हाळ्यातले प्रशिक्षण सकाळीच उरकले जाते.

वरची आणि वेळेची मर्यादाही आहे. भारतात व्हीएफआर उड्डाण फ्लाइट लेव्हल १५० च्या, म्हणजे साधारण १५,००० फुटांच्या, वर करता येत नाही. रात्री ते सर्वसाधारणपणे बंद असते. स्थानिक आणि प्रशिक्षण उड्डाणांना हवाई वाहतूक नियंत्रण सवलत देऊ शकते. शिकणाऱ्याला रात्र टाळता येत नाही : व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या २०० तासांत ५ तास रात्रीचे आणि २० तास एकट्याच्या जबाबदारीवर केलेल्या लांबच्या उड्डाणांचे असावे लागतात. त्यांत एक उड्डाण किमान ३०० सागरी मैलांचे, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून केलेले हवे.

काही जागा वर्गांच्याही पलीकडच्या असतात. मुंबईतल्या भाभा अणुसंशोधन केंद्रावरचे आकाश निषिद्ध आहे. इतर ठिकाणी निर्बंधित आणि धोक्याचे पट्टे असतात. शिवाय तात्पुरत्या बंदीची सूचना नोटॅममधून, म्हणजे वैमानिकांसाठी काढलेल्या सूचनापत्रातून, येते. नकाशा जुना असू शकतो, नोटॅम त्याच दिवसाचा असतो. निघण्याआधी तो वाचणे वैमानिकाचे कर्तव्य आहे. लांबच्या उड्डाणासाठी फ्लाइट प्लॅन द्यावा लागतो, हवाई संरक्षण यंत्रणेचा एडीसी क्रमांक आणि फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरचा एफआयसी क्रमांक घ्यावा लागतो. हे दोन क्रमांक हातात नसताना विमान उभेच राहते.

फ्लाइट प्लॅन मुक्कामी पोहोचल्यावर संपतो तोही कळवल्यावरच. शिवणीला उतरून विद्यार्थ्याने आगमनाची वर्दी दिली नाही, तर अपेक्षित वेळेनंतर अर्ध्या तासाने आणीबाणीची पहिली पायरी सुरू होते आणि दूरध्वनीवर विचारपूस होऊ लागते. ठावठिकाणा लागला नाही, तर पुढच्या पायऱ्यांवर शोधपथके निघतात.