सेनापतीची साक्ष

बगदाद, बसरा, कूत हीं नांवें आपल्याकडील वाचकांस अगदींच परकीं वाटूं नयेत. १९१४ सालीं इंग्रज सरकारनें मेसापोटेमियांत जें सैन्य उतरविलें तें सहावें 'पुणें डिव्हिजन' होतें, आणि त्यांत मराठ्यांच्या ३ पलटणी होत्या. पुढें बगदादवर चालून जाण्याचा हुकूम सुटला, तेव्हां या डिव्हिजनचे अधिपति टाउनशेंड यांस तो मनांतून पटला नव्हता. आपल्या हरकती त्यांनीं वरिष्ठांस कळविल्याहि; परंतु हुकूम तो हुकूम. परिणाम असा झाला कीं, कूत येथें सुमारें ५ महिने वेढा सोसून एप्रिल १९१६ मध्यें सुमारें १३,००० लोक तुर्कांच्या हातीं पडले, व त्यांतील हजारों लोक परत आपल्या घरीं आले नाहींत. चौकशीसमिति बसली, तिनें मुख्य ठपका सेनापति निक्सन यांच्यावर ठेवला, १९१७ सालीं भारतमंत्री चेंबर्लेन यांनीं राजीनामाहि दिला. हुकूम कोणाचा, सल्ला कोणाचा आणि जबाबदारी कोणाची, हा वाद मात्र त्या वाळवंटांत पुरला गेला नाहीं. नव्वद वर्षांनीं, त्याच भूमीवरील दुसऱ्या एका युद्धाच्या निमित्तानें, तो वॉशिंग्टन शहरीं पुन्हां उभा राहिला. त्याचीच हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

अमेरिकेनें इराकवर मार्च २००३ मध्यें चढाई केली. त्यापूर्वीं सुमारें महिनाभर, सेनाप्रमुख शिन्सेकी यांस सेनेटच्या समितीनें विचारलें कीं, देश जिंकल्यावर तो सांभाळण्यास किती सैन्य लागेल? कांहीं लाख, असें त्यांनीं उत्तर दिलें. दोनच दिवसांनीं संरक्षणखात्याचे उपमंत्री वुल्फोविट्झ यांनीं हा अंदाज साफ चुकीचा ठरविला. शिन्सेकी त्याच वर्षीं जूनमध्यें निवृत्त झाले. त्यांस कोणी काढून टाकलें नव्हतें. पण घडल्या प्रकारावरून हाताखालच्या अधिकाऱ्यांनीं काय बोध घेतला असेल तें वाचकांनींच ताडावें.

सैन्य किती हवें तें आपण सेनापतींस विचारून ठरवितों, असें अध्यक्ष बुश वारंवार सांगत. नोव्हेंबर २००६ मध्यें लोकांनीं त्यांच्या पक्षास दोन्ही सभागृहांत पाडलें. त्याच महिन्यांत त्या प्रदेशाचे सरसेनापति अबिझेद यांनीं सेनेटपुढें सांगितलें कीं, आपण प्रत्येक डिव्हिजनच्या अधिकाऱ्यास विचारून पाहिलें, अधिक फौज कोणासहि नको आहे. दोन महिने लोटतात न लोटतात तोंच, १० जानेवारी २००७ रोजीं, अध्यक्षांनीं २०,००० हून अधिक नवी फौज धाडण्याचें जाहीर केलें. पुढें हा आंकडा ३०,००० च्या घरांत गेला. अबिझेद व बगदाद येथील केसी या दोघांच्याहि जागीं नवे सेनापति आले. यांत कायद्याविरुद्ध कांहीं झालें असें आमचें म्हणणें नाहीं. सेनापति बदलणें हा अध्यक्षांचा अधिकारच आहे. परंतु सेनापति बदलून मग नव्याचें ऐकावयाचें असेल, तर 'आम्ही सेनापतींचें ऐकतों' या शब्दांचें वजन किती धरावें?

नवे सेनापति डेव्हिड पेट्रेयस हे मोठे विद्वान गृहस्थ. व्हिएतनामच्या युद्धापासून अमेरिकन सैन्यानें काय धडे घेतले, या विषयावर त्यांनीं १९८७ सालीं प्रिन्स्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली होती. सेनेटनें त्यांच्या नेमणुकीस ८१ विरुद्ध शून्य मतांनीं मान्यता दिली. म्हणजे, युद्धाचा धिक्कार करणाऱ्यांनींहि त्यांच्याविरुद्ध मत दिलें नव्हतें. सप्टेंबरांत येऊन प्रगतीचा हिशेब द्यावा असें ठरलें, आणि तेव्हांपासून अध्यक्षांस कांहीं विचारलें कीं उत्तर एकच येऊं लागलें: पेट्रेयस काय म्हणतात तें पाहूं.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हा प्रकार ओळखीचा वाटेल. कर्त्या पुरुषाचा एखादा बेत फसूं लागला आणि माजघरांत कुरबूर सुरू झाली, कीं तो पुष्कळदां स्वतः बोलत नाहीं. घरच्या जुन्या, विश्वासू कारकुनास पुढें करतो. "मी काय सांगूं? त्यांनाच विचारा." कारकुनाची सचोटी सर्वांस ठाऊक, त्यामुळें धाकटे भाऊ गप्प बसतात. कारकून खोटें बोलतो असेंहि नाहीं. पण त्याला विचारलेलें असतें तें एवढेंच कीं, या सालचा हिशेब जुळतो कीं नाहीं? मुळांत तें शेत गहाण टाकावयास हवें होतें काय, हें त्यास कोणीं विचारलेलेंच नसतें!

अमेरिकेंतील विरोधकांनीं हा भेद ओळखावयास हवा होता. पण १० सप्टेंबर २००७ रोजीं, साक्षीच्या पहिल्याच दिवशीं, 'मूव्ह-ऑन' नांवाच्या संस्थेनें 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्यें पानभर जाहिरात दिली. तींत सेनापतींच्या नांवाशीं यमक जुळवून, हे आपणांस दगा देणार काय, असा श्लेष केला होता. सेनापति व्हाइट हाउसच्या सोयीनें आंकडे रचतात, हा आरोप. आम्हांस हा श्लेष हलका वाटतो, आणि मूर्खपणाचाहि. हिशेब तपासून पाहण्याजोगा होता, यांत शंका नाहीं: अमेरिकेच्याच सरकारी लेखातपासणी कार्यालयानें त्याच महिन्यांत सांगितलें होतें कीं, इराकी सरकारानें गांठावयाच्या १८ कसोट्यांपैकीं ३ पुऱ्या झाल्या, ४ अर्धवट, आणि ११ मुळींच नाहीं. हे आंकडे घेऊन भांडावयाचें सोडून माणसाच्या इमानावर हात टाकला, आणि डाव उलटला. सेनेटनें ७२ विरुद्ध २५ व प्रतिनिधिगृहानें ३४१ विरुद्ध ७९ मतांनीं जाहिरातीचा निषेध केला. जी सभा युद्ध थांबविण्याचा ठराव पार पाडूं शकत नव्हती, तिनें एका जाहिरातीचा ठराव मात्र दहा-पंधरा दिवसांत उरकला.

वास्तविक पेट्रेयस यांनीं आरंभींच सांगितलें होतें कीं, हें निवेदन आपण स्वतः लिहिलें असून तें मंत्र्यांस किंवा अध्यक्षांस दाखविलेलें नाहीं. तें खरें नसावें असें मानण्यास आम्हांस कारण दिसत नाहीं. पण ज्या राष्ट्रानें वेस्टमोरलंड यांस ऐकलें होतें तें सहजासहजीं कसें विश्वास ठेवील? व्हिएतनामचें युद्ध ऐन भरांत असतां, एप्रिल १९६७ मध्यें, अध्यक्ष जॉन्सन यांनीं या सेनापतीस मायदेशीं बोलावून काँग्रेसपुढें उभें केलें. नोव्हेंबरांत त्यांनीं पुन्हां येऊन आशेचीं वचनें ऐकविलीं. आणि जानेवारी १९६८ च्या अखेरीस टेटच्या सणांत शत्रूनें दक्षिण व्हिएतनामच्या शहराशहरांतून हल्ला केला. दोन महिन्यांनीं जॉन्सन यांनीं पुन्हां निवडणुकीस उभें न राहण्याचें जाहीर केलें. गणवेशाची पुण्याई उसनी घेतली कीं ती अशी खर्चीं पडते.

११ सप्टेंबरच्या साक्षींत सर्वांत नेमका प्रश्न विरोधकांनीं विचारला नाहीं. अध्यक्षांच्याच पक्षाचे वृद्ध सेनेटर जॉन वॉर्नर यांनीं विचारला. आपण सांगतां त्या मार्गानें अमेरिका अधिक सुरक्षित होईल काय? पेट्रेयस म्हणाले, इराकांतील उद्दिष्टें गांठण्याचा हाच उत्तम मार्ग होय. वॉर्नर यांनीं प्रश्न पुन्हां विचारला. तेव्हां उत्तर आलें कीं, खरें म्हणजे आपणांस ठाऊक नाहीं. आपलें लक्ष दिलेल्या कामगिरीवर आहे. या उत्तरांत आम्हांस तरी दगा दिसत नाहीं. कारकुनानें आपल्या वहीची शेवटची ओळ कोठें आहे तें दाखविलें.

पुढें इराकांतील रक्तपात खरोखरच उतरला. २००७ सालीं ९०० च्या आसपास अमेरिकन सैनिक कामास आले होते. पुढील वर्षीं ३०० च्या आसपास. त्यास नवी फौज किती कारण, सुन्नी टोळ्यांनीं २००६ पासूनच बाजू बदलली तें किती, आणि सद्र यांच्या शिया सैन्यानें ऑगस्ट २००७ मध्यें हत्यार खालीं ठेवलें तें किती, यावर पंडितांत अजून एकमत नाहीं. २०१० सालीं ओबामा यांनीं याच पेट्रेयस यांस अफगाणिस्तानांत धाडलें, तेव्हां 'मूव्ह-ऑन'नें ती जाहिरात आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकली. अमेरिकेचें सैन्य डिसेंबर २०११ मध्यें इराकांतून परतलें, आणि जून २०१४ मध्यें मोसूल शहर 'इस्लामिक स्टेट'च्या हातीं गेलें. वॉर्नर यांचा प्रश्न ज्यांस विचारावयाचा होता ते अध्यक्ष अशा समितीपुढें साक्षीस येत नसतात.